मशीन कमीत कमी किती अँपिअरवर चालतं?

जुन्या गाडीचं इंजिन ठणठणीत आणि पत्रा मात्र गेलेला, अशी वेळ आली की वेल्डिंगचा विचार करावाच लागतो. माझ्या गाडीच्या दोन्ही बाजूंच्या सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीत, स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज आरपार जात होतं. ड्रायव्हरच्या पायाखालच्या फ्लोअरचे पापुद्रे सुटत होते आणि सायलेन्सर टांगायचं एक ब्रॅकेट अर्धं तुटलं होतं. असं काम बाहेर दिलं की गंज जिथवर पोचला असेल तिथवर बिल वाढत जातं, आणि तो कुठवर पोचलाय ते पत्रा कापल्याशिवाय कळत नाही. तेव्हा वेल्डिंग मशीन घरीच घ्यायचं ठरवलं. हातात पैसे बेताचे होते, त्यामुळे एकच मशीन आणि तेही विचार करून घ्यायचं होतं.

फॅब्रिकेशनचं काम करण्यात आयुष्य घालवलेल्या ओळखीच्या एका काकांना विचारलं, "काका, किती अँपिअरचं घेऊ?" त्यांनी उलटा प्रश्न केला, "पत्रा केवढा जाड आहे ते आधी सांग. मशीनचं मग बघू."

मी व्हर्नियर घेऊन गाडीखाली शिरलो. बाहेरचा पत्रा ०.७ ते ०.८ मिलिमीटर. फ्लोअर ०.८ ते १. सिलच्या आतली जाड पट्टी दीडच्या आसपास. ब्रॅकेटं २ ते ३. मोजमापं वहीत उतरवून काढल्यावर स्पष्ट दिसलं की माझं बहुतेक काम १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पत्र्यावर आहे आणि जाड काम चिमूटभर. वेल्डिंगमध्ये ढोबळ हिशेब असा धरतात की पोलादाच्या दर मिलिमीटर जाडीला साधारण ४० अँपिअर. म्हणजे मला रोज लागणार ३० ते ४० अँपिअर, आणि कधीमधी १२०.

आता बाजारातलं कुठलंही मशीन बघा. पुढच्या बाजूला मोठ्या आकड्यात २०० किंवा २५० लिहिलेलं असतं. खालच्या टोकाला ते किती अँपिअरवर स्थिर चालतं, हे कुणी ठळक छापत नाही. मागच्या तांत्रिक पट्टीवर आउटपुटची कक्षा असते, ३०–१६० अशी. ती वाकून वाचावी लागते. आणि तिथे ३० लिहिलं म्हणून ३० वर आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, नीट टिकतो असंही नाही. गाडीच्या पत्र्यासाठी मशीन निवडायचं म्हणजे खरं तर हा खालचा आकडा तपासायचा. बाकीच्या बहुतेक गोष्टी त्यामागून येतात.

सुरुवात रॉडच्या मशीनपासून केली, कारण तेच सगळ्यात स्वस्त आणि तेच एका मित्राकडे होतं. भंगारातून जुन्या गाडीचा एक दरवाजा मिळवला, त्याच्या पट्ट्या कापल्या आणि मित्राच्या इन्व्हर्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, मशीनवर लावून बघितल्या. २.५ मिलिमीटरचा रॉड नीट चालायला ७०-८० अँपिअर मागतो. एवढा करंट ०.८ च्या पत्र्यावर गेल्यावर काय होतं ते एकदा सावकाश बघण्यासारखं आहे. आर्क लागतो, खाली वितळलेला ठिपका चकाकतो, क्षणभर सगळं बरोबर वाटतं. मग ठिपक्याच्या कडा रुंदावतात, मधला भाग खाली झोळ धरतो, आणि तो थेंब टपकन निखळतो. मागे वाटाण्याएवढं भोक उरतं, त्याची कड फुगून जाड झालेली असते. ते भोक भरायला पुन्हा रॉड लावला की कड आणखी मागे सरते. १.६ चा बारीक रॉड ३५-४० अँपिअरवर चालतो खरा, पण तो सारखा चिकटतो, वाकतो, आणि एवढ्या कमी करंटला आर्क पेटवणं हेच कौशल्याचं काम होऊन बसतं. गाडीखाली उताणं पडून ते करायचं म्हणजे अवघडच.

रॉडला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. थोडाफार गंज तो खपवून घेतो, वाऱ्याची पर्वा करत नाही, गॅस लागत नाही. ट्रॉलीचा सांगाडा, फाटक, ट्रकची जाड चासी, या कामांना तोच बरा. माझा पत्रा त्याच्या कामाचा नव्हता, एवढंच.

टिगचा, म्हणजे न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाला आर्क धरून भरायची तार वेगळी घालायच्या वेल्डिंगचा, विचार फार वेळ केला नाही. त्याच्यासारखा ताबा दुसऱ्या कशात नाही हे मान्य. पण एका हातात टॉर्च, म्हणजे जिच्या टोकाला आर्क पेटतो ती मूठ, दुसऱ्यात फिलरची तार आणि करंटसाठी पायाशी पेडल, हे सगळं टेबलावरच्या जोडाला ठीक. गाडीच्या पोटाखाली ते जमवणं कठीण. शिवाय टिगला धातू लखलखीत स्वच्छ हवा, आणि जुन्या गाडीचा पत्रा मागच्या बाजूने कधीच तसा नसतो. गॅस वेल्डिंगने पूर्वी गाड्यांची कामं सर्रास व्हायची, पण तिची उष्णता लांबवर पसरते, सपाट पत्रा लाटांसारखा उठतो आणि आतला रंग व डांबरी लेप पेटतो. घरात ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची नळकांडी ठेवायला माझं मनही धजेना.

राहिलं मिग, म्हणजे रिळावरची वायर टॉर्चमधून आपोआप पुढे येत वितळते ते वेल्डिंग. त्यात दोन वाटा फुटतात, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्या दोहोंत निवड करण्यात गेला.

पहिली वाट बिनगॅसची. वायर आतून पोकळ, तिच्यात फ्लक्स नावाचा चुरा भरलेला. तो जळून स्वतःच जोडाभोवती हवेपासून संरक्षण तयार करतो. सिलिंडर नको, रेग्युलेटर नको, उघड्यावर वाऱ्यातही काम चालतं. बजेटवाल्याला हे फार मोहक वाटतं, मलाही वाटलं. मग दरवाजाच्या त्याच पट्ट्यांवर अशी वायर चालवून बघितली. दीड मिलिमीटरच्या वर काम छान होतं. पातळ पत्र्यावर मात्र ही वायर गरम पडते. ती बहुधा ०.८ किंवा त्याहून जाडच मिळते, आणि तिचा आर्क नीट बसायला लागणारा करंट पातळ पत्र्याला सोसत नाही. एकेक टाका मारत, थांबत थांबत गेलं तर निभतं. पण दर टाक्यावर खपली धरते आणि ती ठोकून, ब्रश मारून काढल्याशिवाय पुढचा टाका त्यावर घालता येत नाही. आजूबाजूला धातूचे कण उडून चिकटतात ते वेगळंच. सिलसारख्या लांब जोडात शेकडो टाके येतात. तेवढ्या वेळा खपली ठोकायची तयारी असेल तर ही वाट चालेल.

बिनगॅसचं मशीन घेणाऱ्याने दोन गोष्टी आवर्जून बघाव्यात. एक, त्याचं आउटपुट डीसी आहे ना; अगदी स्वस्त मशीनमध्ये एसी आउटपुटवालीही असतात आणि त्यांचा आर्क खडबडीत असतो. दोन, पोलॅरिटी बदलता येते का आणि गॅसची नळी जोडायला मागे जागा व आत व्हॉल्व्ह आहे का. बिनगॅसच्या वायरला टॉर्च निगेटिव्हवर लागतो, गॅसच्या भरीव वायरला पॉझिटिव्हवर. ही अदलाबदल होत नसेल तर पुढे कधी गॅसवर जायचं ठरवलं तरी तोच डबा पुन्हा विकत घ्यावा लागतो. पैसे कमी असतील तर आज फ्लक्सची वायर आणि वर्षभराने सिलिंडर, हा मार्ग उघडा ठेवणारं मशीन घेणं केव्हाही शहाणपणाचं.

दुसरी वाट गॅसची, म्हणजे हेच संरक्षण सिलिंडरमधल्या गॅसने द्यायचं, आणि मी तीच धरली. कारण ०.६ ची भरीव वायर. वायर जितकी बारीक तितका ती वितळवायला करंट कमी, आणि ०.६ ची वायर ३० अँपिअरच्या आसपास शांतपणे चालते. ईआर७०एस-६ हा तिचा नेहमीचा प्रकार. तिच्यात मँगनीज आणि सिलिकॉन थोडं जास्त असतं, त्यामुळे पत्र्यावर उरलेला किरकोळ गंज ती सांभाळून घेते. याचा अर्थ गंजावर वेल्डिंग करावं असा नाही. चकचकीत धातू दिसेपर्यंत ग्राइंडर मारायचाच.

गॅसचा हिशेब मी कागदावर मांडून केला, कारण बजेट इथेच गळतं. पातळ पत्र्याला बंदिस्त जागेत मिनिटाला ८ ते १० लिटर गॅस लागतो. एकदा वापरून टाकायच्या छोट्या डब्यात एक लिटर जागेत ६० ते ११० बार दाब असतो, म्हणजे सोडल्यावर जेमतेम ६० ते ११० लिटर गॅस. आर्क चालू असण्याचा वेळ धरला तर सहा ते दहा-अकरा मिनिटं. स्वस्त दिसणारा हा डबा प्रत्यक्षात सगळ्यात महाग. त्याउलट १० लिटरचा, १५० बारचा सिलिंडर म्हणजे १५०० लिटर. अडीच तास निव्वळ आर्क. सिलिंडरची अनामत रक्कम एकदाच जाते आणि नंतर फक्त भरण्याचा खर्च. गॅस म्हणून नुसता कार्बन डायऑक्साइडही चालतो; तो वजनावर मिळतो आणि एका किलोचा साधारण ५०० लिटर वायू होतो, त्यामुळे छोट्या सिलिंडरमध्येही भरपूर मावतो. तो स्वस्त असतो आणि जाड धातूत खोल जातो. पण पातळ पत्र्यावर त्याचा आर्क जरा तडतडतो आणि कण जास्त उडतात. ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइड हे मिश्रण ०.८ च्या पत्र्यावर लोण्यासारखं चालतं. मी मिश्रण घेतलं आणि किमतीतली ती तफावत मशीनच्या बाजूने भरून काढली: मोठ्या अँपिअरचं मशीन सोडून लहान घेतलं.

मशीन बघायला जाताना दरवाजाच्या पट्ट्या खिशात घेऊन गेलो. नवं वेल्डिंग मशीन घेणाऱ्याने ही एक गोष्ट तरी करावीच. विक्रेत्याकडचा चाचणीचा तुकडा बहुधा ५ मिलिमीटरचा असतो आणि त्यावर कुठलंही मशीन चांगलंच दिसतं. "माझ्या या पट्टीवर, सगळ्यात खालच्या करंटला चालवू का?" असं विचारायचं. एका ठिकाणी चालवून बघायची गरजच नाही असं ऐकवलं गेलं, तिथून मी निघालो. दुसऱ्या ठिकाणी दोन मशीन शेजारी शेजारी लावून दिली. त्यातलं २०० अँपिअरचं मशीन तळाला नेलं की वायर पत्र्यावर ठेचली जायची, टॉर्च हाताला धक्के द्यायचा, मग एकदम पेटून गोळा पडायचा. १६० चं मशीन त्याच पट्टीवर सलग, बारीक चरचरत राहिलं. हा आवाज ओळखायला डोळ्यांपेक्षा कान उपयोगी पडतात: फट्-फट् असं तुटक येत असेल तर वायरचा वेग आणि व्होल्टेज जुळत नाहीत, आणि कितीही फिरवलं तरी ते जुळत नसतील तर ते मशीन पातळ पत्र्याचं नाही. मग पट्टी उलटी करून पाठ बघितली. जोडाच्या मागे बारीक, सलग उंचवटा दिसला. पक्कडीत धरून मागेपुढे वाकवली तेव्हा पत्रा जोडाच्या बाजूला फाटला, जोड सुटला नाही.

तिथेच मशीनचं दार उघडून वायर ढकलणारी यंत्रणाही तपासली. धातूची होती, प्लॅस्टिकची नव्हती. वायर अडखळत आली की आर्क अडखळतो, आणि खालच्या करंटला ते लगेच जाणवतं. टॉर्च युरो कनेक्टरचा होता, म्हणजे खराब झाला तर आठ-दहा मिनिटांत दुसरा लावता येतो. मशीनला कायमचा जोडलेला टॉर्च असेल तर आतली वायरची नळी घासली गेल्यावर मोठं काम निघतं. आत ५ किलोचं वायरचं रीळ मावत होतं. एक किलोची रिळं वजनाच्या हिशेबाने महाग पडतात.

ड्यूटी सायकलबद्दल लोक फार घाबरवतात. पट्टीवर "१६० अँपिअर, २०%" असं असेल तर त्याचा अर्थ दहा मिनिटांत दोन मिनिटं त्या करंटला चालवायचं आणि आठ मिनिटं थंड होऊ द्यायचं. हा आकडा ४० अंश तापमानाला काढलेला आहे ना ते बघावं. थंड हवेत काढलेला आकडा मोठा दिसतो. पण पत्र्याच्या कामात ४० अँपिअरवर एकेक सेकंदाचे टाके मारायचे असतात. तिथे मशीनच्या आधी पत्र्यालाच थांबावं लागतं. त्यामुळे या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायचे नाहीत असं मी ठरवलं.

घरची वीज पुरेल का, याचा हिशेबही सोपा आहे. मिगचं व्होल्टेज साधारण १४ अधिक करंटच्या विसाव्या भागाएवढं असतं. ४० अँपिअरला १६ व्होल्ट, म्हणजे ६४० वॅट. मशीनमधला अपव्यय धरूनही हा भार इस्त्रीएवढाच. १४० अँपिअरला मात्र २१ व्होल्ट, म्हणजे जवळपास ३ किलोवॅट बाहेर आणि साडेतीनच्या वर आत. २३० व्होल्टच्या घरात १५-१६ अँपिअर सहज ओढले जातात. जाड ब्रॅकेटचं काम म्हणूनच मी मोठ्या सॉकेटवर करतो. एक्स्टेंशन केबल २.५ चौरस मिलिमीटरची घेतली आणि वापरताना ती रिळावरून पूर्ण उलगडतो, कारण गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते. पातळ, लांब केबलने व्होल्टेज पडतं आणि दोष मशीनला दिला जातो.

जुनं ट्रान्सफॉर्मर मशीनही एक बघितलं होतं. ती मशीन दणकट असतात आणि दुरुस्त होतात. पण त्यांचा करंट पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो आणि मला हवा तो आकडा नेमका दोन पायऱ्यांच्या मध्ये यायचा. इन्व्हर्टरमध्ये करंट सलग फिरवता येतो, वजन निम्म्याहून कमी. त्याचा शत्रू म्हणजे ग्राइंडरची धूळ. लोखंडाची पूड पंख्यातून आत जाऊन बोर्डावर बसते. त्यामुळे घासकाम चालू असताना मी मशीन दूर ठेवतो आणि अधूनमधून आतून हवेचा झोत मारतो. जुनं इन्व्हर्टर घ्यायचं असेल तर झाकण उघडून आत बघितल्याशिवाय घेऊ नये.

पैशांची वाटणी करताना निम्मेच मशीनसाठी ठेवले. उरलेल्यात आपोआप काळं होणारं हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, रेग्युलेटर, वायर, कॉन्टॅक्ट टिपा, ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्क, पत्रा धरायचे क्लॅम्प आणि अग्निशामक. हेल्मेटवर कंजूषी करू नये. पातळ पत्र्यात दर दोन-तीन सेकंदांनी आर्क पेटतो-विझतो. काच प्रत्येक वेळी वेळेवर काळी झाली नाही तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. कमी करंटला आर्क मंद असतो, स्वस्त हेल्मेटच्या सेन्सरला तो कधीकधी दिसतच नाही. म्हणून हेल्मेटही मी ३० अँपिअरच्या आर्कवरच तपासून घेतलं.

काम सुरू करण्याआधीची तयारी वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ खाते, आणि खाऊ द्यावी. बॅटरीच्या दोन्ही तारा सोडल्या. पेट्रोलची टाकी आणि नळ्या कुठून जातात ते बघितलं. मागच्या भागात काम असेल तर टाकी उतरवायचीच. आतलं कार्पेट, आवाज अडवणारे फोम, तळाचा डांबरी लेप, सगळं जोडापासून वीतभर तरी लांब खरवडलं. अर्थ क्लॅम्प, म्हणजे करंट मशीनकडे परत नेणारा चिमटा, जोडाच्या अगदी जवळ, घासलेल्या धातूवर लावला. तो लांब कुठेतरी लावला तर करंट बेअरिंगमधून किंवा वायरिंगमधून वाट शोधतो. तेलकट भाग साफ करायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरायचा नाही. आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील किरणांत त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो, आणि तो जीवघेणा विषारी वायू आहे. जस्ताचा थर असलेला पत्रा घासून घ्यायचा आणि धूर जाईल अशी हवा खेळती ठेवायची. जस्ताच्या धुराने ताप भरतो. काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलायचं नाही, कारण सिलच्या पोकळीत गंज अडवायला मारलेलं मेण धुमसत असेल तर ते बाहेरून दिसत नाही.

फ्लोअरचा गंजका भाग चौकोनी कापून काढला, कोपरे गोल ठेवले. त्याच मापाचा १ मिलिमीटरचा तुकडा बसवला आणि पाठीमागून तांब्याचा जाड तुकडा दाबून धरला. तांब्याला पोलाद चिकटत नाही, आणि ते उष्णता शोषून घेतं म्हणून भोक पडत नाही. आधी चार कोपऱ्यांना टाके, मग समोरासमोर, मग मधल्या जागा. एका टाक्यानंतर हात लावता येईपर्यंत त्याच्या शेजारी दुसरा घालायचा नाही, तोवर लांबच्या कडेला जायचं. असं फिरत फिरत टाके एकमेकांना भिडले. पत्रा सपाट राहिला. सिलच्या नव्या पट्टीला कडेने ६ मिलिमीटरची भोकं पाडून ती खालच्या पत्र्यावर भरून घेतली. कारखान्यात स्पॉट वेल्ड होते तिथेच हे जोड आले.

काही भागांना मी हात लावला नाही आणि लावणारही नाही: स्टीअरिंगचे सांधे, सस्पेन्शनचे आर्म, सीट बेल्ट जिथे बांधलेले असतात ती ठिकाणं. नव्या गाड्यांच्या दोन दारांमधल्या खांबात अतिमजबूत बोरॉन पोलाद वापरतात. उष्णतेने त्याची ताकदच निघून जाते. अशा भागांची कामं ज्यांना कंपनीची दुरुस्तीची पद्धत ठाऊक आहे आणि ज्यांच्याकडे त्याची साधनं आहेत, त्यांच्याकडेच द्यावीत.

जोड घासून, प्रायमर मारून झाल्यावर सिलच्या आत लांब नळीने मेण फवारलं, कारण वेल्डिंगने आतला रंग जळालेला असतो आणि गंज तिथूनच पुन्हा सुरू होतो. ब्रॅकेटसाठी ०.८ ची वायर चढवली, त्या जाडीची खाच यावी म्हणून वायर ढकलणारा रोलर उलटा केला, टिप बदलली आणि ११० अँपिअरवर एका दमात जोड दिला. मशीन तिथेही कमी पडलं नाही. ॲल्युमिनियम त्याच्याने होत नाही, मला ते लागतही नाही. आता मागच्या चाकाची कमान काढायची आहे. तिचा गोलवा आधी हातोडीने घडवावा लागेल, म्हणून सध्या ठोकणीचीच सामग्री जमवतो आहे.